पाळण्याजवळचीं पुस्तकें

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांतील मातापित्यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली समितीनें या व्याख्यानमालेंतील एक दिवस नुकत्याच आईबाप झालेल्या आणि लवकरच होऊं घातलेल्या मंडळींसाठीं राखून ठेवला, याबद्दल समितीचे आभार मानणें हें माझें पहिलें कर्तव्य आहे. विषय ठरला तो असा: बाळ, बाळंतीण आणि बालसंगोपन यांवरील पुस्तकें. विषय जाहीर होतांच कांहीं जणांच्या ओठांवर हसूं उमटलें, तें मला दिसलें. ज्याच्या घरीं पाळणा कधीं हलला नाहीं, रात्रीं दोन वाजतां रडणारें मूल खांद्यावर घेऊन ज्यानें कधीं येरझारा घातल्या नाहींत, त्यानें आईबापांना शहाणपण शिकवावें, हें हसण्यासारखेंच आहे. म्हणून आरंभींच सांगतों कीं, मूल कसें वाढवावें हें सांगण्यास मी उभा नाहीं. पुस्तकें वाचणें हा मात्र माझा जन्माचा व्यवसाय आहे. आणि घरोघरीं आशीर्वाद देण्यास जातांना बाळंतिणीच्या उशाशीं ठेवलेलीं पुस्तकें मीं पाहिलीं आहेत. त्यांपैकीं कोणावर कितपत विश्वास ठेवावा, आणि तें कसें ओळखावें, एवढेंच आज बोलणार आहें.

हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. पूर्वीं आपल्या घरांत बाळ जन्मास आलें म्हणजे आजी, आत्या, मावशी, सुईण आणि शेजारीण अशा पांच जणी भोंवतीं असत. आज पुष्कळ तरुण जोडपीं दोन खोल्यांच्या घरांत एकटीं राहतात. नवरा पहांटेच्या लोकलनें कामावर जातो आणि दिवसभर आई व बाळ अशीं दोघेंच घरांत उरतात. जवळ आजी नसली कीं आजीची जागा पुस्तक घेतें. पण पांच पुस्तकें आणलीं तर त्यांचीं तोंडें पांच दिशांना. एक म्हणतें, बाळ रडलें कीं ताबडतोब उचला. दुसरें म्हणतें, उचलाल तर तें लाडावेल. आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना, अशी त्या बिचारीची गत होते. “फादर, पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें माझें बाळ झोपत नाहीं, माझेंच कांहीं चुकतें काय?” असा प्रश्न मला एकीनें नव्हे, अनेकींनीं डोळ्यांत पाणी आणून विचारला आहे. ज्या पुस्तकानें आधार द्यावयाचा, त्यानेंच आईला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें, हा केवढा विपर्यास!

या पुस्तकांचा इतिहास थोडा पाहिला तर मनावरील दडपण पुष्कळ हलकें होईल.

लंडन शहरांत टाकून दिलेल्या मुलांसाठीं एक आश्रयगृह होतें. विल्यम कॅडोगन नांवाच्या डॉक्टरानें त्या गृहाच्या एका व्यवस्थापकास पत्र लिहिलें आणि तें १७४८ सालीं निबंधरूपानें प्रसिद्ध झालें. बाळाला कापडाच्या पट्ट्यांनीं घट्ट आवळूं नये, त्यास वाजवीपेक्षां अधिक भरवूं नये आणि शक्य तों आईनेंच दूध पाजावें, असा त्याचा उपदेश होता. उपदेश चांगला होता आणि त्यानें पुष्कळ बाळांचें कल्याण झालें असेल. परंतु त्याच निबंधांत त्यानें असेंही प्रतिपादन केलें कीं, मुलांचें संगोपन फार काळ बायकांच्या हातीं राहिलें. आतां तें समजूतदार पुरुषांनीं आपल्या देखरेखीखालीं घ्यावें. म्हणजे बाळाचीं बंधनें सोडतां सोडतां त्यानें आईचें शहाणपण मात्र कवडीमोल ठरविलें. ही खोड पुढील दीडशें वर्षें या प्रकारच्या पुस्तकांना सुटली नाहीं.

१८९४ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर एमेट होल्ट यांचें बालसंगोपनाचें पुस्तक निघालें. त्याची रचना ऐकून तुम्हांस मौज वाटेल. लहानपणीं आपण धर्मशिक्षणाच्या वर्गांत जशी प्रश्नोत्तरी पाठ केली, तशीच ही आया व दाया यांच्यासाठीं लिहिलेली प्रश्नोत्तरी होती, आणि तिच्या मुखपृष्ठावर तसें स्पष्ट छापलें होतें. दुधाचें प्रमाण, स्नानाची रीत, झोंपेची वेळ, सर्व कांहीं प्रश्न आणि उत्तर या क्रमानें. शुद्ध दूध व स्वच्छता यांविषयींचें त्यांचें म्हणणें मोलाचें होतें. पण सहा महिन्यांच्या आंतील बाळाशीं खेळूं नये, आणि रडणें हा बाळाचा व्यायाम आहे, असेंही त्या प्रश्नोत्तरींत होतें. बंधुभगिनींनो, आपल्या धर्माची प्रश्नोत्तरी प्रकट झालेल्या सत्यावर उभी आहे. डॉक्टरांची प्रश्नोत्तरी त्या त्या दिवसाच्या शास्त्रावर उभी असते. दोहोंचा सांचा एक दिसला म्हणून दोहोंचा अधिकार एक होत नाहीं.

पुढें न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांनीं बाळाच्या उशाशीं घड्याळ आणून ठेवलें: दर चार तासांनीं दूध, आणि रात्रीं मुळींच नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनीं तर कळस केला. मुलांना मिठी मारूं नये, त्यांचे मुके घेऊं नयेत, सकाळीं हवें तर हस्तांदोलन करावें, असें त्यांनीं आईबापांस बजावलें. त्या काळच्या किती आयांनीं दाराआड उभें राहून बाळाचें रडणें ऐकलें असेल आणि शास्त्राच्या धाकानें हात मागें घेतले असतील! आज बालरोगतज्ज्ञ नेमकें उलट सांगतात: बाळाला जवळ घ्या, छातीशीं धरा, भूक लागेल तेव्हां पाजा. कमी वजनाच्या अथवा दिवस पुरे न भरलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवणें हा तर आतां इस्पितळांतील मान्य उपचार झाला आहे. मधल्या पिढीनें जें लाड म्हणून निषिद्ध मानलें, तें आज औषध म्हणून दिलें जातें.

१९४६ सालीं डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचें सुप्रसिद्ध पुस्तक निघालें. त्यांचा स्वर निराळा होता. आईबापांनीं स्वतःच्या समजुतीवर भरंवसा ठेवावा आणि बाळावर मोकळेपणानें प्रेम करावें, असें त्यांनीं सांगितलें. ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ही आपली म्हण त्यांना ठाऊक असती तर आवडली असती. पुस्तकाच्या कोट्यवधि प्रती खपल्या. परंतु या सहृदय ग्रंथांतही एक घोर उणीव शिरली. १९५० नंतरच्या दशकांतील आवृत्तींत बाळाला पोटावर, म्हणजे पालथें निजवावें असा सल्ला आला. उलटी झाल्यास बाळ गुदमरूं नये हा त्यामागील हेतु. हेतु निर्मळ होता, तर्कही पटण्यासारखा होता. पण पुढें मृत्यूंच्या नोंदी जुळवून पाहतां असें दिसून आलें कीं, पालथीं निजणारीं बाळें झोंपेंत अकस्मात् दगावण्याचें प्रमाण अधिक आहे. १९९१ सालीं इंग्लंडांत व १९९४ सालीं अमेरिकेंत बाळाला पाठीवर निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि तसे मृत्यु झपाट्यानें घटले. एका ओळीच्या सल्ल्यावर किती पाळणे रिकामे झाले असतील, याचा विचार मनांत आला म्हणजे अंगावर कांटा येतो. यावरून एवढाच बोध घ्यावा कीं, लेखक कितीही थोर व प्रेमळ असो, त्याच्या पुस्तकाचें साल पाहिल्याशिवाय त्यांतील सल्ला बाळावर चालवूं नये. आजीच्या पेटींतील अथवा जुन्या बाजारांतील संगोपनाचें पुस्तक कौतुकानें वाचावें, पण बाळ पाठीवरच निजवावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. परदेशी पुस्तकें चुकलीं म्हणून आजीचें सर्वच बरोबर, असेंही नाहीं. आजीचा मायेचा हात, न्हाऊमाखूं घालणें, बाळंतिणीला विसांवा देणें, तिच्या मुखीं गरम घांस घालणें, यांचें मोल कोणतेंही पुस्तक भरून देऊं शकणार नाहीं. परंतु प्रसूतीनंतरचें पहिलें घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतों, तें कित्येक घरांत पिळून टाकीत. वास्तविक रोगांपासून बाळाचें रक्षण करणारें तें पहिलें दान आहे. बाळाच्या जिभेला मध चाटविण्याची चालही अशीच. एक वर्षाच्या आंतील बाळाला मधानें क्वचित् पण भयंकर विषबाधा होऊं शकते, म्हणून डॉक्टर तो वर्ज्य सांगतात. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध, पाणीसुद्धां नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हां आजीच्या मांडीवर बाळ द्यावें, आणि आजीलाही प्रेमानें नवें पुस्तक वाचून दाखवावें. ज्ञान घरांत भांडण लावण्यासाठीं नाहीं.

आणखी एक प्रकारचीं पुस्तकें आहेत. तीं गुळगुळीत कागदावर छापलेलीं असतात, फुकट मिळतात आणि त्यांतील बाळें सर्व गुटगुटीत असतात. फुकट पुस्तकाची किंमत कोण भरतो, हें विचारावें. दुधाच्या भुकटीचे डबे व दुधाच्या बाटल्या विकणाऱ्यांनीं आयांपुढें अशी जाहिरात करूं नये, यासाठीं आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा झाला आणि २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. ज्या आईला कांहीं कारणानें दूध येत नाहीं तिनें लाज बाळगण्याचें मुळींच कारण नाहीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें बाळाचें पोट भरणें हेंही मातृत्वच आहे. पण तो सल्ला डॉक्टरचा असावा, दुकानदाराचा नसावा. तसेंच, हमखास मुलगा होईल, बाळ गोरें होईल अथवा अलौकिक बुद्धीचें निपजेल, अशीं वचनें देणारीं पुस्तकें ज्या घरांत शिरतात, त्या घरांत मुलगी जन्मतांच अपमानित होते. मुलगी परमेश्वराची प्रतिमा नव्हे काय? अशा पुस्तकास ख्रिस्ती घराच्या उंबरठ्याच्या आंत जागा नसावी.

येथवर मीं डॉक्टरांचीं पुस्तकें पाहिलीं. पण बाळ आणि आई यांविषयीं दुसऱ्या एका जातीचें लेखन आहे. सल्ला देणें हा त्याचा मुख्य हेतु नव्हे. त्याचें प्रयोजन सोबत करणें हें आहे.

चवथें शतक संपण्याच्या सुमारास संत आगुस्तिनांनीं आपल्या आत्मनिवेदनास आरंभ केला, तो थेट स्वतःच्या तान्हेपणापासून. त्या दिवसांतील कांहींच आपणांस आठवत नाहीं, तें इतरांकडून ऐकून आणि दुसऱ्यांचीं बाळें निरखून जाणलें, असें ते प्रांजळपणें सांगतात. आईच्या व दायांच्या स्तनांत दूध भरणारा परमेश्वरच होता, हें त्यांनीं कृतज्ञतेनें नोंदविलें. शेजारच्या बाळाला दूध पितांना पाहून मत्सरानें फिकें पडणारें तान्हें मूलही त्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. एवढा मोठा धर्मपंडित पाळण्याजवळ बसून निरीक्षण करतो, याचा अर्थ पाळणा ही धर्मशास्त्राला न शोभणारी जागा नाहीं.

नवव्या शतकांत आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेस दुओदा नांवाची एक सरदारपत्नी होती. राजकारणाच्या धामधुमींत तिचा थोरला मुलगा विल्यम राजाच्या दरबारीं ठेवण्यांत आला. ८४१ सालच्या मार्चमध्यें तिला दुसरा मुलगा झाला, आणि त्याचा बाप्तिस्मा होण्याआधींच पतीच्या आज्ञेनें तें तान्हें बाळ तिच्यापासून दूर नेण्यांत आलें. तिच्याजवळ बाळ राहिलें नाहीं. बाळाचें नांव काय ठेवलें हेंही तिला कळलें नाहीं. तेव्हां त्या मातेनें काय केलें? तिनें लेखणी घेतली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आरंभ करून ८४३ च्या २ फेब्रुवारीस, बाळ येशूच्या मंदिरांतील समर्पणाच्या सणादिवशीं, तिनें विल्यमसाठीं एक ग्रंथ पुरा केला. देवावर प्रेम कसें करावें, प्रार्थना कशी करावी, वडिलांचा मान कसा राखावा, हें त्यांत आहे. आणि तुझा लहानगा भाऊ वाचण्याबोलण्याजोगा होईल तेव्हां हें पुस्तक त्यालाही दाखीव, अशी तिची विनंती आहे. ज्याला कडेवर घेतां आलें नाहीं, त्याला तिनें शब्दांनीं कडेवर घेतलें. मातृत्वावरील हजारों पुस्तकांत ज्याच्यापुढें मस्तक नमवावें असें तें पुस्तक आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही असें उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचे पति १८८२ च्या आरंभीं वारले, तेव्हां त्यांची मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. त्याच सालीं, पदरीं तान्हें मूल असलेल्या या तरुण विधवेनें ‘स्त्रीधर्मनीति’ हें मराठी पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें आणि मुलांच्या संगोपनाचाही विचार त्यांत मांडला. त्या पुस्तकाच्या मिळकतीचा हातभार लागून पुढील वर्षीं त्या मुलीसह विलायतेस गेल्या. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या आणि त्या पुस्तकांतील कित्येक मतें त्यांनीं स्वतःच पुढें मागें टाकलीं. तरी मांडीवर बाळ असतां आईनेंच आयांसाठीं लिहावें, हा पायंडा मराठींत इतक्या लवकर पडला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

आतां सर्वांत नाजूक मुद्द्याकडे येतों. बाळावरील बहुतेक पुस्तकांत बाळ पानोपानीं असतें, आई क्वचित् असते. बाळाचें वजन दर महिन्यास होतें. आईच्या मनावरील ओझें कोणी तोलीत नाहीं. बाळंतपणानंतर आठपंधरा दिवस मन हळवें होणें स्वाभाविक आहे. पण उदासी आठवडेंच्या आठवडे हटत नाहीं, बाळाकडे पाहूनही आनंद होत नाहीं, झोंप येत नाहीं, जगणें नकोसें वाटतें, तेव्हां तो आजार असतो. तो आळस नव्हे, नखरा नव्हे, श्रद्धेची उणीव तर नव्हेच नव्हे. १९८७ सालीं स्कॉटलंडमधील तीन संशोधकांनीं अशा मातांसाठीं दहा प्रश्नांची एक लहानशी प्रश्नावली प्रसिद्ध केली. एका पानावर मावणाऱ्या त्या दहा प्रश्नांनीं मोठमोठ्या ग्रंथांहून अधिक आयांना वेळेवर मदत मिळवून दिली असेल, कारण त्यांत प्रथमच आईला विचारलें होतें: बाई, तूं कशी आहेस? नवऱ्यांनो, सासवांनो, हा प्रश्न विचारण्यास प्रश्नावली लागत नाहीं. उत्तर ऐकून घ्या, आणि गरज दिसल्यास तिला डॉक्टरकडे न्या. प्रार्थना जरूर करा. पण प्रार्थना डॉक्टरच्या वाटेवर आडवी घालूं नका.

बापांविषयींही दोन शब्द. शुभवर्तमानांत संत योसेफाच्या तोंडीं एकही शब्द नाहीं. पण बाळावर संकट येतांच तो रात्रींच उठतो आणि आई व बाळ यांना घेऊन निघतो. रात्रीं उठणें हा बापाचा धर्म आहे, याहून स्पष्ट शिकवण कोणत्या पुस्तकांत मिळेल? पूर्वीं बाळाचा बाप्तिस्मा इतक्या लवकर होई कीं आई बहुधा घरींच असे आणि धर्ममाता बाळाला घेऊन येई. १९६९ सालच्या नव्या विधीनें आईबापांना पुढील स्थान दिलें. बाळाच्या कपाळावर धर्मगुरूच्या पाठोपाठ आईबापही क्रूसाची खूण करतात आणि अखेरीस प्रथम आईला, मग बापाला वेगवेगळा आशीर्वाद दिला जातो. माझ्या मतें तो विधिग्रंथ हेंच नव्या आईबापांचें पहिलें पुस्तक होय. बाप्तिस्म्याच्या आधीं तें दोघांनीं मिळून शांतपणें वाचावें.

मग पुस्तक निवडावें कसें? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणें पांच कसोट्या सांगतों. पहिली, आवृत्ति कोणत्या सालची आहे? दुसरी, लेखकास अथवा प्रकाशकास कांहीं विकावयाचें आहे काय? तिसरी, बाळानें दूध न घेणें, ताप, जोराचा श्वास, झटके, निपचित पडणें, अशा वेळीं विलंब न करतां डॉक्टरकडे जा, असें तें सांगतें काय? कीं सर्व उपाय आपल्याच पानांत आहेत अशी बढाई मारतें? चवथी, त्यांत आईचें क्षेमकुशल आणि बापाचें कर्तव्य यांना जागा आहे काय? आणि पांचवी, वाचून झाल्यावर आईला बाळाकडे जावेंसें वाटतें, कीं स्वतःचीच भीति वाटूं लागते? विनिकॉट नांवाच्या एका इंग्रज बालरोगतज्ज्ञानें आयुष्यभर आयांना हाच दिलासा दिला कीं, बाळाला निर्दोष आई लागत नाहीं; साधी, मायेची, पुरेशी चांगली आई त्याला पुरते. जें पुस्तक हा दिलासा हिरावून घेतें, तें कितीही विद्वत्तापूर्ण असलें तरी मिटून ठेवावें.

ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई आणि मंडप नव्हे. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत इतक्या वर्षांत जीं नांवें लिहिलीं गेलीं, त्या प्रत्येक नांवामागें एका आईचीं जागरणें आहेत. त्या नोंदवहींत सल्ला नसतो. हें बाळ कोणाचें, आणि त्याच्यासाठीं कोण उभे राहिले, एवढेंच तींत असतें. धर्ममाता व धर्मपिता यांचीं नांवें तेथें शोभेसाठीं लिहीत नाहींत. म्हणून माझी सूचना अशी आहे: सभागृहांतील एका कपाटांत अशा निवडक पुस्तकांचा एक खण आपण सुरू करावा आणि आपल्या धर्मग्रामांतील परिचारिका व डॉक्टर मंडळींनीं दर वर्षीं तो चाळून जुनीं झालेलीं पुस्तकें काढून टाकावींत. आणि ज्या घरीं बाळ जन्मेल तेथें भगिनीमंडळानें पुस्तक घेऊन जावें, पण पुस्तक देऊन लगेच परत फिरूं नये. दोन भांडीं घासावींत, चार कपडे वाळत घालावे, बाळाला तासभर सांभाळावें आणि आईला निजूं द्यावें. २०१७ सालच्या कायद्यानें प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली खरी, परंतु शेतांत राबणाऱ्या, मासळी विकणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना ती रजा कोण देणार? ती आपणच द्यावयाची आहे, आपल्या हातांनीं.

प्रभु येशू ख्रिस्तानें लेंकरांना कवेंत घेतलें, त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना आशीर्वाद दिला; तोच आशीर्वाद या धर्मग्रामांतील प्रत्येक पाळण्यास आणि पाळण्याजवळ जागणाऱ्या प्रत्येक आईबापास लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.